डोळ्यांवर हात ठेवणारा पंच आणि गप्प बसणारं यंत्र

टेनिसच्या जुन्या मॅचेस ज्यांनी टीव्हीवर पाहिल्यात, त्यांना रेषेमागे वाकून उभे राहणारे पंच आठवत असतील. चेंडू बाहेर पडला की हात लांब करून ओरडायचे, 'आउट!' आत पडला की दोन्ही तळवे जमिनीकडे. त्यांची तिसरीही एक खूण होती, ती फारशी कुणाच्या लक्षात नाही. मध्ये खेळाडू आला आणि चेंडू दिसलाच नाही, तर रेषापंच हात डोळ्यांवर धरायचा. म्हणजे, मला दिसलं नाही, निर्णय तुम्ही द्या. यात त्याला कुणी कमी लेखत नसे.

पंचांच्या जागी यंत्रं आली तेव्हा पहिल्या दोन खुणा त्यांना शिकवल्या गेल्या. तिसरी राहून गेली. माझं म्हणणं एवढंच आहे, पण त्यापायी काय काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात विम्बल्डनपासून. १९८० साली तिथे 'सायक्लोप्स' आलं. सर्व्हिस लांब गेली की अदृश्य किरणांमुळे बीप वाजायचा. बीप नाही म्हणजे चेंडू आत. शांततेला अर्थ देण्याची सवय तिथून लागली. तोवर बाकीच्या रेषांवर माणसं होती, त्यामुळे निभावलं.

फुटबॉलमध्ये मात्र ही शांतता महागात पडली. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या लॅम्पार्डचा जर्मनीविरुद्धचा गोल रेषेच्या चांगला आत पडूनही दिला गेला नाही. मोठा गदारोळ झाला. पुढे २०१३-१४ च्या मोसमापासून प्रीमियर लीगमध्ये गोलरेषा तंत्र आलं. प्रत्येक गोलवर सात कॅमेरे, आणि चेंडू पूर्ण रेषेपार गेला की एका सेकंदात रेफ्रीचं घड्याळ थरथरतं. सगळे खूश.

१७ जून २०२०. कोविडमुळे थांबलेली लीग त्या दिवशी पुन्हा सुरू झाली. अ‍ॅस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड. व्हिलाच्या गोलकीपरने फ्री किक झेलली आणि चेंडू छातीशी धरून तो सरळ गोलच्या आत गेला. घरी बसलेल्या पोरासोरांनाही दिसत होतं. शेफील्डचे खेळाडू ओरडले, तर रेफ्रीने मनगटाकडे बोट दाखवलं. घड्याळ गप्प! मॅच ०-० सुटली.

नंतर हॉक-आय कंपनीने माफी मागितली. गोलकीपर, बचावपटू आणि खांब यांच्या आड चेंडू गेल्यामुळे सातही कॅमेऱ्यांना तो नीट दिसला नव्हता. नऊ हजारांवर सामन्यांत असं पहिल्यांदाच घडलं, असं त्यांनी सांगितलं. मान्य आहे, इतक्या सामन्यांत एक चूक म्हणजे कुठल्याही पंचाला लाजवेल असा हिशेब. पण 'गोल नाही' आणि 'मला दिसत नाही' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी घड्याळ एकाच भाषेत सांगत होतं, आणि ती भाषा म्हणजे मौन. शेफील्डच्या खेळाडूंना कळायला मार्गच नव्हता की आपलं म्हणणं तपासून फेटाळलंय की तपासलंच नाही. वर व्हीएआरच्या खोलीत रिप्ले होते, पण यंत्राने काही सांगितलं नाही म्हणून त्यांनीही हात घातला नाही.

मोसम संपला तेव्हा व्हिला ३५ गुणांवर वाचली आणि बोर्नमथ ३४ गुणांवर खालच्या विभागात गेली. तो गोल धरला असता, आणि बाकीचं सगळं तसंच झालं असतं, तर व्हिला खाली आणि बोर्नमथ वर. एका मौनाची ही किंमत.

विम्बल्डनने यातून काही घेतलं असेल असं वाटलं होतं. २०२५ साली त्यांनी रेषापंच पूर्णच काढून टाकले. ६ जुलैला सेंटर कोर्टवर पाव्ह्ल्युचेन्कोव्हा विरुद्ध ब्रिटनची सोनाय कार्टल. पहिला सेट ४-४, रशियन बाईंना गेम पॉइंट. कार्टलचा फटका स्पष्ट बाहेर पडला. आवाज आला नाही. पंचांनी खेळ थांबवला, फोन केला आणि पॉइंट पुन्हा खेळायला लावला. तो गेम कार्टलला गेला. नंतर उघड झालं की कोर्टाच्या एका भागातली यंत्रणा चुकून बंद केली गेली होती, आणि त्या एका गेममध्ये तीन निर्णय हुकले होते. पंचांनाही चेंडू बाहेरच दिसला होता आणि मॅचनंतर ते त्यांनी आपल्याला सांगितलं, असं बाई म्हणाल्या. मॅच त्यांनी जिंकली म्हणून प्रकरण तिथेच मिटलं. क्लबने मग ऑपरेटरला यंत्रणा हाताने बंद करताच येणार नाही अशी सोय केली. बरं केलं. पण एखादा भाग बंद असेल तर खेळाडूला दिसेल असा साधा लाल दिवा? हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

याउलट आपल्या वानखेडेवर १२ मे २०२२ ला वीज गेली. मुंबई-चेन्नईची मॅच सुरू झाली तेव्हा डीआरएस बंद. कॉनवे पहिल्याच चेंडूवर पायचीत, टीव्हीवर चेंडू लेगला जातोय असं वाटत होतं, पण रिव्ह्यू घेताच येईना. उथप्पाचंही तेच. चेन्नई ९७ वर ऑलआउट. अन्याय झाला का? बहुतेक झाला. तरी एक फरक होता. यंत्र बंद आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या गप्प बसण्यातून कुणी 'आउट' किंवा 'नॉटआउट' काढत नव्हतं. राग कुणावर काढायचा तेही स्पष्ट होतं.

(रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही तेव्हाही हाच घोळ. नेट नाही, की ठसा जुळला नाही, की नावच कापलंय? म्हातारी बाई उत्तराशिवाय परत जाते.)

हे सगळं आता का, तर आपल्या तालुक्यातल्या टेनिसबॉल स्पर्धांतही यूट्यूब लाइव्हवरचा रिप्ले बघून रनआउट द्यायला लागलेत. बक्षिसं मोठी आहेत, भांडणंही. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहतं, बॅट्समन मध्येच उभा, आणि पाच मिनिटांनी कुणीतरी 'आउट' म्हणतं. रिप्ले दिसला म्हणून, की दिसला नाही म्हणून, ते बॅट्समनला कुणी सांगत नाही. आयोजकांना विनंती आहे. रिप्ले मिळाला नाही तर माइकवरून तसं स्पष्ट सांगा, आणि अशा वेळी मैदानावरच्या पंचाचा शब्द राहील हे टॉसच्या आधीच दोन्ही कॅप्टनना सांगून ठेवा. तुमच्या गावच्या स्पर्धेत असं झालं असेल तर काय निर्णय दिला, खाली लिहा.