वंशावळीच्या संकेतस्थळाचे बोधचिन्ह

बिदर-कलबुर्गी सीमाभागातील कुळांच्या वंशावळी स्वयंसेवकांनी जमवायच्या, तर बोधचिन्ह साऱ्यांचे असावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बिदर जिल्हा विभागला गेला. भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले. अनेकींचे माहेर इकडे, सासर तिकडे झाले. म्हणून एकाच गावचा किल्ला नको. आम्ही वड सुचवतो. त्याच्या पारंब्या जमिनीत रुजून खोड होतात. जुन्या वंशावळींत बहुधा पुरुषांचीच नावे असत. येथे पारंब्या म्हणजे सासरी गेलेल्या लेकी. रंग बिदरी कामाचे, काळ्यावर चांदी. झेरॉक्समध्येही उठून दिसतील. नाव मराठी व कन्नड, दोन्ही लिप्यांत लिहावे. मोबाइलवर नखाएवढे केले तरी वड ओळखू यावा.