कॅशबॅक येतो कोणाच्या खिशातून?

मागच्या व्याख्यानात आपण बँकांचा इतिहास बघत बघत क्रेडिट कार्डापाशी येऊन थांबलो होतो. त्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न अगदी व्यवहारी होता: खरेदीवर एक-दोन टक्के रोख परत देणारं कार्ड घ्यावं का? आज त्याचं उत्तर शोधू, पण जरा लांबच्या वाटेने. कारण हे पैसे येतात कुठून, हे एकदा कळलं की ते आपल्याला परवडतात का, हे ठरवणं सोपं जातं.

ही गोष्ट कार्डाच्या बरीच आधी सुरू होते. १८९६ साली अमेरिकेत स्पेरी आणि हचिन्सन या दोघांनी एक कंपनी काढली. ती टपालाच्या तिकिटांसारखी हिरवी तिकिटं छापायची आणि दुकानदारांना विकायची. गिऱ्हाईकाने दहा सेंटचा माल घेतला की दुकानदार त्याला एक तिकीट देणार. गिऱ्हाईक ती वहीत चिकटवणार. बाराशे तिकिटांची वही भरली, की ती देऊन कंपनीच्या दुकानातून चादर, इस्त्री, दिवा असं काहीतरी घ्यायचं. म्हणजे एक वही भरायला १२० डॉलरची खरेदी. घरोघरी बायका-मुलं बसून तिकिटं चिकटवत, आणि मिळालेली वस्तू फुकट आली असं वाटे.

आता दुकानदाराच्या बाजूने बघा. तिकिटांपायी त्याचे विक्रीच्या साधारण दोन टक्के जात. गावात एकानेच तिकिटं दिली तर त्याची चांदी. शेजारच्याचं गिऱ्हाईक त्याच्याकडे येई. पण मग शेजारचाही देऊ लागे. सगळेच देऊ लागले की कोणालाच जादा गिऱ्हाईक नाही, खर्च मात्र सगळ्यांना. तो खर्च जाणार कुठे? मालाच्या किमतीत.

याचा पुरावा इंग्लंडमध्ये सापडतो. तिथेही अशीच हिरवी तिकिटं होती, ग्रीन शील्ड नावाची. १९७७ साली टेस्को या मोठ्या दुकानसाखळीने ती बंद केली आणि त्याच वेळी किमती उतरवल्या. महागाईचे दिवस होते, लोकांनी दुकानं भरून टाकली. बक्षीस आणि किंमत एकाच थैलीतून निघतात, हे त्या दिवसांत लोकांना डोळ्यांनी दिसलं.

आता कार्डाकडे येऊ. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब सुरू झाला. जेवणाऱ्याने कार्ड दाखवायचं, क्लब हॉटेलवाल्याचे पैसे चुकते करणार, पण बिलातले सात टक्के कापून. कार्डाच्या धंद्याचा पहिला झरा हा, विकणाऱ्याकडून कापलेली रक्कम. दुसरा झरा १९५८ साली फुटला. बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे साठ हजार लोकांना, त्यांनी मागितलेलं नसताना, टपालाने कार्डं पाठवली. या कार्डावर पूर्ण बिल भरायची सक्ती नव्हती. थोडं भरा, उरलेल्यावर व्याज द्या. आपल्या वाण्याच्या वहीतली उधारीच म्हणा ना. फरक एवढाच, की वाणी उधारी वाढली की हात आखडता घेतो, आणि इथे उधारी वाढली की बँकेची कमाई वाढते.

हे दोन झरे लक्षात ठेवा, कारण कॅशबॅक यांतूनच भरला जातो. १९८६ साली सिअर्स या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीने डिस्कव्हर कार्ड देशभर आणलं. त्या काळी बऱ्याच बँका कार्डासाठी वार्षिक फी घेत. डिस्कव्हरने फी ठेवली नाही, उलट वर्षाच्या खर्चातला काही भाग रोख परत देऊ केला. जाहिरातीत एक टक्का. पण 'एक टक्क्यापर्यंत'. कमी खर्चाला कमी, जास्त खर्चाला जास्त. त्या 'पर्यंत'मध्ये सगळं आलं. हिरव्या तिकिटांचंच हे नवं रूप, फक्त चिकटवायचे कष्ट वाचले.

मग प्रश्न उरतो, यात भरतो कोण? बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी २०१० साली याचा हिशेब मांडला. दुकानदार कार्डाचं कमिशन सगळ्यांच्याच किमतीत मिसळतो, रोख देणाऱ्याच्याही. त्यांच्या अंदाजाने रोखीने खरेदी करणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात टाकत होतं, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला सरासरी १,१३३ डॉलर मिळत होते. रोखीवाले बहुधा गरीब, कार्डवाले बहुधा सुस्थितीतले. म्हणजे पैसा खालून वर चाललेला.

काही देशांनी यावर उपाय केला. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये बँकांना मिळणारं हे शुल्क जवळजवळ निम्म्यावर आणलं. त्यानंतर तिथल्या कार्डांवरची बक्षिसं आटली. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्क्याची मर्यादा घातली. झरा आटला की नळही आटतो.

आपल्याकडे जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला कमिशन लागत नाही. क्रेडिट कार्डावर लागतं. म्हणून तर दुकानात टीव्ही घ्यायला गेलो की ऐकू येतं, "कार्ड चालेल, पण दोन टक्के वर द्यावे लागतील." तो दुकानदार आपल्याला या व्यवहाराचा सगळा इतिहास एका वाक्यात सांगत असतो! एक टक्का मिळवायला दोन टक्के देण्यात काय हशील?

आता कागद-पेन्सिल घ्या. महिन्याला वीस हजारांचा खर्च कार्डावर, एक टक्का परत. महिन्याचे दोनशे, वर्षाचे चोवीसशे. वार्षिक फी पाचशे असेल तर जीएसटी धरून ५९०. म्हणजे पहिल्या एकोणसाठ हजारांच्या खरेदीवरचा कॅशबॅक फीतच गेला. हे तरी ठीक. पण बिल थकलं तर? दरमहा साडेतीन टक्के व्याज धरू, आपल्याकडे असे दर नेहमीचे आहेत. वीस हजारांवर एका महिन्याचे सातशे, वर जीएसटी १२६, एकूण ८२६ रुपये. चार महिन्यांहून जास्त कमाई एका चुकीत गेली. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांवरचं वार्षिक व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा त्या आडोशाचा भरवसा आता नाही.

मग घ्यावं की नाही? दर महिन्याला पूर्ण बिल भरण्याची सवय असेल, फी नसेल किंवा सहज वसूल होत असेल, आणि जे घेतो ते कार्ड नसतं तरी घेतलंच असतं, तर जरूर घ्यावं. आपण नाकारलं म्हणून वाणी आपल्याला साखर स्वस्त देणार नाही. या तीनांतली एक अट जरी डळमळीत असेल, तर दुसऱ्यांना मिळणारा कॅशबॅक आपल्या व्याजातून जाईल.

आणि घेणाऱ्यांनीही एवढं मनात ठेवावं, की महिनाअखेरी जमा झालेले ते दोनशे रुपये बँकेने आपल्या पदरचे दिलेले नाहीत. त्यात दुकानदाराचा वाटा आहे, थकबाकीदाराचा आहे, आणि आपल्या मागे रांगेत नोटा मोजत उभ्या असलेल्या माणसाचाही आहे. इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.