नाव नसलेला व्यापारी

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधले दुकानदार धातूच्या चकतीवर आपले नाव, पत्ता आणि मालाची जाहिरात उमटवून ती गिऱ्हाइकांच्या हाती देत. या प्रथेचे मूळ सुट्या नाण्यांच्या टंचाईत होते. १७८७ मध्ये वेल्समधील अँगलसी बेटावरच्या तांब्याच्या खाणीने स्वतःचे पेनी पाडले आणि अनेक व्यापाऱ्यांनी तोच मार्ग धरला. १८१७ च्या कायद्याने हे खासगी चलन बंद झाले. जाहिरातीची चकती मात्र उरली.

रायगडच्या किनाऱ्यावर अशी चकती शोधू जाणाऱ्याच्या हाती बहुधा येते ती शिवराई. तिचा जन्मही अनेकदा खासगीच. पेशवाईत सरकार ठरावीक रक्कम घेऊन टांकसाळीचा परवाना देई; अठराव्या शतकाच्या मध्यास रेवदंडा आणि नागोठणे येथे असे परवाने दिले गेले होते. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवरील आपल्या निबंधात या पद्धतीची दखल घेतली आहे. म्हणजे नाणे पाडणारा माणूस येथेही व्यापारीच होता. पण नाण्यावर त्याचे नाव नाही. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. शिवाजी महाराजांना जाऊन अनेक दशके लोटली, तरी बाजारातील पत त्यांच्याच नावाला होती. इंग्रज दुकानदाराने जाहिरात केली ती स्वतःची. आपल्या टांकसाळवाल्याने उसने घेतले ते राजाचे नाव.

ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अक्षरे कडेला तुटतात. ‘शिव’चे ‘सिव’ होते, वेलांटी बदलते. पाठभेद पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रकार परिचित वाटावा. हस्तलिखिताच्या अनामिक लेखनिकाप्रमाणे ठसा कोरणाराही केवळ आपल्या चुकांतून ओळखू येतो.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने एकाच घडणीचा रुपया आणला, १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले. तरीही शिवराई खेड्यापाड्यांतून दीर्घकाळ फिरत राहिली.

म्हणूनच संग्राहकांना आमची एक विनंती आहे. नाणे चिंचेने वा आम्लाने घासून लखलखीत करू नये, आणि ते कोठे सापडले याची नोंद केल्यावाचून ते पेटीत टाकू नये. भूमिगत ठेवा सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. इंग्लिश चकती हरवून पुन्हा सापडली, तरी आपल्या मालकाचा पत्ता स्वतःच सांगते. आपल्या नाण्याचा पत्ता म्हणजे ते मिळाले ती जागा. ती पुसली गेली, की त्या अनाम व्यापाऱ्याची अखेरची सहीही पुसली जाते.