खामगावची रुई आणि वितळलेला धागा

बुलढाणा जिल्ह्यातील खामगावची कापूसपेठ सुमारे १८२० पासूनची असून तूप, सूत आणि थोडासा कापूस विकणाऱ्या मोजक्या दुकानांतून ती वाढली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवीने इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचा पुरवठा तोडला, तेव्हा वऱ्हाडच्या रुईला मोल आले, आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा रेल्वेफाटा उघडण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले. रुईच्या गाठींचे महत्त्व याहून वेगळे सांगावे लागत नाही. मात्र वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा, म्हणजे तोकड्या तंतूंचा, ही विलायती गिरण्यांची तक्रार कायम राहिली, कारण तंतूची लांबी शेतातल्या बोंडातच ठरते आणि पारखणाऱ्याच्या हाती फक्त चिमटीत रुई ओढून पाहणे उरते.

गंमत अशी की, कापसाला पर्यायही लँकेशायरमध्येच सापडला. तेथील अ‍ॅक्रिंग्टनच्या प्रयोगशाळेत व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये पॉलिएस्टरचा तंतू काढला. हे द्रव्य सुमारे २९० अंश सेल्सिअसला वितळवून सूक्ष्म छिद्रांच्या तबकडीतून सोडतात, हवेने थंड करतात आणि खाली रिळावर गुंडाळतात. मिनिटाला सुमारे १,००० मीटर वेगाने गुंडाळल्यास त्यातील लांब रेणुसाखळ्या अस्ताव्यस्तच राहतात व धागा पुन्हा खेचावा लागतो. ३,००० ते ३,५०० मीटरला त्या अंशतः एका दिशेला वळतात, आणि अशा धाग्याला व्यापारात पीओवाय म्हणतात. वेग ५,००० च्या पुढे गेला की ताणाने सरळ झालेल्या साखळ्या रिळावर पोहोचण्यापूर्वीच स्फटिकासारख्या नेटक्या रचनेत बसू लागतात आणि धागा वाटेतच एका ठिकाणी मानेसारखा एकाएकी बारीक होतो. अतिवेगात बाहेरचा थर गाभ्याआधी थिजून अधिक ताण घेत असल्याने दोन्हींची रचना वेगळी होते. वेग वाढवत नेल्याने गुण वाढतच जातात, असे म्हणूनच नाही. बोंडाला महिने लागतात ते काम येथे निमिषात उरकते.

महाराष्ट्रात रिलायन्सने १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे पॉलिएस्टर धाग्याचे उत्पादन सुरू केले. टेरिकॉट या पॉलिएस्टर-कापूस मिश्र कापडासाठीचा तंतू मात्र कमी वेगाने काढून नंतर खेचला जातो आणि कितीही लांब निघू शकणारा तो धागा मुद्दाम ३८ मिलिमीटरचे तुकडे करून वापरतात, कारण सूतगिरण्यांची यंत्रे कापसाच्या लांबीला बेतलेली आहेत.