प्रजासत्ताक दिन : इतिहास, सोहळा आणि ख्रिस्ती नागरिक

दरवर्षी २६ जानेवारी रोजी आपण प्रजासत्ताक दिन साजरा करतो. ख्रिस्तसभेच्या उपासना-दिनदर्शिकेत हाच दिवस संत तीमथ्य व संत तीत यांच्या स्मरणाचा आहे. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना व विनवणी करावी, हा उपदेश संत पौलाने याच तीमथ्याला केला. आणि प्रत्येक सत्कार्यासाठी श्रद्धावंतांनी सिद्ध असावे, अशी आठवण त्याने तीताला करून दिली. हा योगायोग असला, तरी तो बोलका आहे. या राष्ट्रीय सणाचा इतिहास आणि त्यात ख्रिस्ती समाजाने उचललेला वाटा, यांचा थोडक्यात परिचय येथे करून देत आहोत.

२६ जानेवारीच का?

डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे पूर्ण स्वराज्याचा ठराव संमत झाला आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावी नदीच्या तीरावर तिरंगा फडकला. त्यानंतर २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळण्यात आला. तो रविवार होता. गावोगावी लोकांनी एकत्र येऊन स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली. प्रत्यक्ष स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ रोजी मिळाले. परंतु त्या जुन्या प्रतिज्ञेचा मान राखावा, म्हणून राज्यघटना अमलात आणण्यासाठी २६ जानेवारी हीच तारीख निवडण्यात आली.

घटनेची निर्मिती

घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली. २९ ऑगस्ट १९४७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची मसुदा समिती नेमण्यात आली. जवळजवळ तीन वर्षांच्या परिश्रमानंतर २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली. तीत ३९५ कलमे व ८ परिशिष्टे होती. २६ जानेवारी १९५० रोजी सकाळी भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा झाली आणि डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिले राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो हे त्या पहिल्या सोहळ्याचे प्रमुख पाहुणे होते.

या समितीत ख्रिस्ती सदस्यही होते, ही गोष्ट आपल्या तरुण पिढीला फारशी ठाऊक नसते. बंगालचे डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती गृहस्थ घटना समितीचे उपाध्यक्ष होते. अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयीच्या उपसमितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. राजकुमारी अमृत कौर याही सदस्य होत्या. मूळचे मंगळूरचे येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा हे मद्रास प्रांतातून निवडून आले होते.

एका शब्दाची चर्चा

आज घटनेच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादा त्याला आहेत. यांतील ‘प्रचार’ हा शब्द सहजासहजी आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यावर वाद झाला. तो शब्द गाळावा, अशी सूचना श्री. तजम्मुल हुसेन यांनी मांडली, श्री. लोकनाथ मिश्र यांनीही कडाडून विरोध केला. तेव्हा श्री. कन्हैयालाल मुन्शी यांनी त्या शब्दाचे समर्थन केले. ख्रिस्ती शाळा-महाविद्यालयांत आपण चौदा वर्षे शिकलो, परंतु आपले धर्मांतर करण्याचा प्रयत्न कोणीही केला नाही, अशी साक्ष श्री. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी दिली. हे दोघेही हिंदू होते. शेवटी तो शब्द कायम राहिला. शेजाऱ्याच्या मनात आपल्या शाळांनी निर्माण केलेला विश्वास घटनेच्या सभागृहात आपल्या कामी आला, हे आपण विसरू नये.

पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने या हक्काचा अर्थ लावला. आपल्या धर्माची तत्त्वे इतरांना समजावून सांगण्याचा हक्क यात आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क मात्र नाही, असा तो निर्णय होता.

राखीव जागांचा त्याग

घटनेच्या मसुद्यात मद्रास व मुंबई प्रांतांच्या विधानसभांत भारतीय ख्रिस्ती समाजासाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद होती. म्हणजे आपल्या पूर्वजांचा त्याच्याशी थेट संबंध होता. परंतु मे १९४९ मध्ये सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने डॉ. मुखर्जी यांचा ठराव मोठ्या बहुमताने मान्य केला आणि धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा रद्द करण्याची शिफारस केली. घटना समितीत फादर डिसोझा यांनी या निर्णयाला पाठिंबा दिला. वेगळ्या जागांपेक्षा बहुसंख्य बांधवांच्या न्यायबुद्धीवर विसंबणे या नेत्यांनी पसंत केले. त्याचबरोबर ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क मिळाला. आपल्या शेकडो शाळा या कलमाच्या छायेत उभ्या आहेत.

अपुरे राहिलेले वचन

या आनंदाला एक खंत चिकटून आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित झाला. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला; दलित ख्रिस्ती बांधव मात्र बाहेरच राहिले. धर्माची ही अट काढून टाकावी, अशी शिफारस न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये केली. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमण्यात आला. बाप्तिस्म्याने जात पुसली जाते, असे आपण शिकवतो. समाजात ती पुसली जात नाही, आणि कधी कधी आपल्याच अंगणातही पुसली जात नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

सोहळ्याचे स्वरूप

दिल्लीतील संचलन १९५५ पासून राजपथावर होऊ लागले. २०२२ मध्ये त्या मार्गाचे नाव ‘कर्तव्य पथ’ झाले. राष्ट्रपती राष्ट्रध्वज फडकवतात, एकवीस तोफांची सलामी दिली जाते आणि राज्यांचे चित्ररथ निघतात. स्वातंत्र्यदिनी ध्वज खालून वर चढविला जातो, तर या दिवशी तो आधीच वर बांधलेला असतो व केवळ उलगडला जातो. कारण राष्ट्र स्वतंत्र झालेलेच आहे. २९ जानेवारीला विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’ने सोहळ्याची सांगता होते. महात्मा गांधींना प्रिय असलेले ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती भक्तिगीत तेथे अनेक वर्षे वाजविले जात असे. २०२२ मध्ये ते वगळण्यात आले. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर राज्यपालांच्या उपस्थितीत संचलन होते. गोमंतकीय बांधव पोर्तुगीज सत्तेतून १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाले. त्यानंतरचा पहिला प्रजासत्ताक दिन १९६२ चा.

आपल्या धर्मग्रामात

बहुतेक धर्मग्रामांत या दिवशी मिस्सानंतर चर्चच्या किंवा शाळेच्या प्रांगणात झेंडावंदन होते. ते उचितच आहे. परंतु तेवढ्यावर थांबू नये. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत राष्ट्रपतींपासून ग्रामपंचायतीच्या सदस्यांपर्यंत सर्वांचे स्मरण करावे. घटनेची उद्देशिका मराठीतून मोठ्याने वाचावी. आदला दिवस, २५ जानेवारी, हा २०११ पासून राष्ट्रीय मतदार दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींची नावे मतदार यादीत आहेत की नाहीत, याची चौकशी घरोघरी व्हावी.

आपल्या पूर्वजांनी राखीव जागा सोडल्या, त्या सार्वजनिक जीवनातून बाजूला होण्यासाठी नव्हे. सर्वांसोबत, सर्वांसाठी काम करता यावे, म्हणून सोडल्या. ग्रामसभेला आपण जात नसू, मतदानाच्या दिवशी सहलीला जात असू, आणि आपल्यावर अन्याय झाला की मगच घटनेची आठवण काढत असू, तर त्या त्यागाचे मोल आपल्याला कळले नाही, असेच म्हणावे लागेल.