फेफऱ्याचे औषध आणि पोटातले मूल

फेफरे येऊन कोणी रस्त्यात पडला, की त्याच्या नाकाशी कांदा किंवा वहाण धरणारे लोक आजही भेटतात. या रोगावर थोडाफार चालणारा पहिला उपाय पुढे आला तो १८५७ साली. लंडनच्या एका वैद्यकसभेत चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण सांगितला. पुढे १९१२ साली हाउप्टमन यांनी फेनोबार्बिटल आणि १९३८ साली बोस्टनच्या मेरिट व पटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणले.

व्हॅल्प्रोइक आम्लाची कथा निराळीच. १८८२ साली बर्टन या रसायनज्ञाने ते तयार केले. पण पुढे कित्येक वर्षे त्याला केवळ द्रावकाचे काम होते. १९६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये पिएर एमार्द व त्यांचे सहकारी काही नवी द्रव्ये त्यात विरघळवून तपासू लागले, तो प्रत्येक द्रव्य आकडी थांबवी! गुण द्रव्यांचा नव्हे, द्रावकाचा होता. १९६७ साली तेथे हे औषध बाजारात आले.

आईची वार ही उत्तम गाळणी असून ती विष अडवते, असा तोवर पुष्कळांचा समज होता. १९६१ साली थॅलिडोमाइडच्या अनर्थाने तो धुळीला मिळवला. १९६८ साली मेडो या इंग्रज डॉक्टरांनी फेफऱ्याची औषधे घेणाऱ्या मातांच्या मुलांत दुभंगलेले ओठ व टाळू आढळतात, हे दाखवले. १९८२ साली फ्रान्समधील लियाँकडून एलिझाबेथ रोबेर यांनी इशारा दिला, की व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या मुलांत पाठीचा कणा उघडा राहण्याचे प्रमाण अधिक आहे. गर्भाची मज्जानलिका मिटते ती पहिल्या चार आठवड्यांत, म्हणजे कित्येक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच.

एरवी शंभर मुलांत दोन-तीन व्यंगे दिसतात. व्हॅल्प्रोएट घेतल्यास सुमारे दहा, आणि मात्रा वाढेल तसा धोकाही वाढतो. शिवाय शंभरांतील तीस-चाळीस मुलांची बोलण्याची, शिकण्याची वाढ मागे पडते. तरीही युरोपात कडक निर्बंध आले ते २०१८ साली. १९८२ चा इशारा डॉक्टरांच्या नियतकालिकात छापला गेला, पण ज्यांच्या पोटी मूल होते त्यांतील असंख्य स्त्रियांच्या कानी तो गेलाच नाही. ब्रिटनमध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने २०२० साली हीच गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडली.

मग औषध टाकून द्यावे काय? मुळीच नव्हे. औषध एकाएकी सोडल्यास येणारी आकडी आई व मूल दोघांच्याही जिवावर बेतू शकते. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटॅम यांसारख्या औषधांचा धोका पुष्कळच कमी आहे. बदल करायचा तो गर्भ राहण्यापूर्वी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने. आपल्या देशात केरळमध्ये १९९८ पासून अशा गर्भवतींची पद्धतशीर नोंद ठेवली जात आहे.

परंतु हा सल्ला घ्यायचा, तर रोगाचे नाव उच्चारावे लागते. हिंदू विवाह कायद्यातून ‘अपस्मार’ हे विवाहाच्या आड येणारे कारण १९९९ साली काढून टाकण्यात आले. घराघरांतून मात्र ते अजून गेलेले नाही. मुलीचे फेफरे लपवून लग्न उरकले जाते, आणि सासरी चोरून गोळी घेणारी ती मुलगी डॉक्टरांना विचारणार तरी कशी? शास्त्राने धोका शोधून काढला आहे. तो तिच्यापर्यंत पोहोचू देणे हे आता आपल्या हाती आहे.