वृद्धांचे बाह्यरुग्ण पुनर्वसन उपचार (भिलाई)

रुग्णालयात दाखल न होता, ठरलेल्या दिवशी ओपीडीत येऊन घेतलेले फिजिओथेरपी, व्यवसायोपचार आणि वाचोपचार. अर्धांगवायू, खुब्याचे फ्रॅक्चर, गुडघ्याचे सांधेरोपण, संधिवात, आखडलेला खांदा व कंपवात या तक्रारींत त्यांची गरज पडते. दुखणे कमी करण्यापेक्षा त्यांचा हेतू मोठा आहे : उठणे, चालणे, जेवणे, आंघोळ ही कामे वृद्ध माणसाला पुन्हा स्वतः करता यावीत.

पार्श्वभूमी : 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कामासाठी देशभरातून तरुण आले; त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्या पिढीतले निवृत्त कामगार आज वृद्ध आहेत. कारखान्याचे सेक्टर 9 मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय हा त्यांच्या उपचारांचा मुख्य आधार. रायपूरचे एम्स (2012) हेही फार लांब नाही.

स्वरूप : पहिल्या भेटीत साधी पण बोलकी चाचणी घेतात. रुग्णाने खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. बारा सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका धरतात. पुढे समांतर दांड्यांच्या आधाराने चालणे, पायऱ्या चढणे, पुलीच्या दोरीने खांदा वर नेणे, गुडघ्याखाली ठेवलेली टॉवेलची गुंडाळी दाबून मांडीचा स्नायू बळकट करणे असे व्यायाम येतात. अर्धांगवायूनंतर व्यवसायोपचारात शर्टाची गुंडी लावण्याचा आणि पेला धरण्याचा सराव असतो. शेक व विद्युत उपचार पूरक आहेत. स्नायूंना बळ येते ते व्यायामानेच. म्हणून ओपीडीत शिकलेले घरी रोज करावे लागते.

वापर व अडथळे : दुखणे थोडे थांबले की येणे बंद करणे ही सर्वत्र आढळणारी अडचण आहे. आठवड्यातून अनेकदा रुग्णालय गाठायचे तर वाहन हवे, सोबत माणूस हवा. मुले परगावी असली की हा भार वृद्ध जोडीदारावर पडतो. छत्तीसगडच्या मे महिन्यातल्या उन्हात तर तो आणखी जड होतो. पुनर्वसनाला महिने लागतात, आणि सातत्य तुटले की कमावलेली हालचाल पुन्हा हरवते.

आर्थिक आधार : आयुष्मान भारत योजनेत (2018) कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, ती लागू झाली. परंतु ही योजना दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी सोडल्यानंतरचा खर्च 15 दिवसांपर्यंतच धरला जातो आणि ओपीडी तिच्याबाहेर राहते. म्हणजे खुब्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात, पण त्या पायावर चालायला शिकण्याचे बहुतांशी खिशातून जातात. ही उणीव मोठी आहे. वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम (2010-11) तिला काही उत्तर देतो : जिल्हा व सामुदायिक केंद्रांत फिजिओथेरपी आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरभेटी त्यात अभिप्रेत आहेत.

तुलना : अमेरिकेत वृद्धांच्या मेडिकेअर विम्यात ओपीडीतील पुनर्वसन समाविष्ट आहे. 1997 च्या कायद्याने त्यावर वार्षिक खर्चमर्यादा आली. ती 2018 मध्ये रद्द झाली. भारतात फिजिओथेरपीचे शिक्षण 1953 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, तर 2021 च्या कायद्याने या व्यवसायाच्या नोंदणीसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली. प्रशिक्षित माणसे घडवण्याची व्यवस्था जुनी आहे. आता शस्त्रक्रियेइतकेच तिच्यानंतरच्या महिन्यांनाही विम्यात स्थान मिळाले पाहिजे. भिलाईसारख्या, निवृत्तांची मोठी वस्ती असलेल्या शहरात ही गरज अधिक तीव्र आहे.